क्यू मागवण्याआधी

फोन पालथा करून ठेवा. काळ्याभोर बटवर, म्हणजे मुठीकडच्या जाड भागावर, भाल्यांसारखी पांढरीशुभ्र नक्षी जडवलेला तो बिलियर्ड-पूलचा क्यू तुम्ही फोनवर आज कितीदा तरी पाहिला आहे. आता तो थोडा वेळ नजरेआड असू द्या. पैसे द्यायचे की नाहीत, हे या बैठकीत ठरवायचं नाही. परभणीत दिवस कलला की हवा जराशी हलते. गच्चीवर, ओसरीवर, जिथं कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसा. पाठ सरळ ठेवा, खांदे सैल सोडा, आणि दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघा.

क्यू ही हाताची वस्तू आहे. तरी ती विकत घेताना आपण सगळा कारभार डोळ्यांकडे सोपवतो. आज तो हातांकडे परत आणायचा आहे.

ज्या हातानं तुम्ही मागची मूठ धरता, त्याची बोटं हळूच मिटा. घट्ट नको. स्नूकर पार्लरमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली, असंख्य हातांतून गेलेली स्टिक आठवा. तिचं वजन आठवा. पूलचा क्यू साधारण ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस वजनाचा, म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडा वर. स्नूकरचा किंचित आखूड, हलका आणि टोकाला बराच बारीक. डोळे मिटा. कोपरापासून हात मागे जातो, थबकतो, पुढे येतो. पुन्हा मागे, पुन्हा थबकणं, पुन्हा पुढे. टेबल नाही, चेंडू नाही, समोर कुणी पाहत नाही. हाताला जे आठवतं तेवढंच आहे. त्या आठवणीत लाकडाचा रंग कुठं आहे का, ते पाहा. नसेल तर नसू द्या.

आता श्वास सावकाश आत घ्या आणि तेवढ्याच सावकाश सोडा. क्यूचं टोक आणि पांढरा चेंडू एकमेकांना भेटतात ती वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी, फार तर त्याच्या दुप्पट. तुमच्या या एका श्वासात तशा हजारो भेटी बसतील. चेंडू कुठं जायचा, किती फिरायचा, थांबायचा की मागे यायचा, हे सगळं त्या एवढ्याशा वेळात ठरून जातं. आणि त्या वेळी चेंडूला कोण शिवतं? चामड्याची एक छोटी चकती. तिच्यावर निळा चॉक. त्यात खडू नसतोच, सिलिका असते आणि आपल्या धार लावायच्या दगडातलं कुरुंद असतं. अमेरिकेत १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. चकतीमागे फेरूलचं टोपण, त्यामागे शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग. पूलच्या क्यूचा शाफ्ट बहुधा उत्तर अमेरिकेतल्या कठीण मेपलचा, स्नूकरचा बहुधा ॲशचा. मग मधला जॉइंट. आणि त्याही मागे, तुमच्या मुठीत, ते लाकूड, ज्याच्यासाठी तुम्ही इतके पैसे मोजणार आहात: आबनूस, शिसवाच्या कुळातलं कोकोबोलो, नाहीतर सापाच्या कातडीसारखे पट्टे असलेलं स्नेकवुड.

दुर्मीळ लाकूड चेंडूला कधीच शिवत नाही. ही गोष्ट ऐकून लगेच पुढे जाऊ नका. ती थोडा वेळ मनात राहू द्या.

पण तिचा अर्थ ते लाकूड निरुपयोगी आहे असाही नाही, आणि तसं म्हणणं कारागिरावर अन्याय ठरेल. वाळलेलं आबनूस जवळपास पाण्याइतकं जड असतं, मेपल त्याहून बरंच हलकं. मागे जड लाकूड आलं की क्यूचा तोल मागे सरकतो, मुठीला आधार मिळतो. चेंडूचा ठोका शाफ्टमधून मागे येतो तेव्हा घट्ट लाकडातून तो वेगळा पोचतो, मऊ लाकडातून वेगळा. सराव झालेला तळहात हा फरक ओळखतो. फक्त तो फरक आणि किमतीतला फरक एका मापाचे नसतात. हातातला फरक थोडा असतो, डोळ्यातला पुष्कळ. किंमत डोळा ठरवतो.

आता डोळे मिटलेलेच ठेवून लाकडाकडे जाऊ. तयार क्यूकडे नको, त्याच्या आधीच्या लाकडाकडे.

झाड तोडलं की लाकूड मरतं असं आपण धरून चालतो. मात्र कारागीर तसं मानत नाही. कापलेलं लाकूड हवेतला ओलावा आत घेत असतं आणि बाहेर टाकत असतं, आणि हे कायम चालतं. चांगला क्यू बनवणारा म्हणूनच एका बैठकीत शाफ्ट कातत नाही. चौकोनी पट्टी आधी जाडसर गोल करायची आणि टांगून ठेवायची. काही महिने जाऊ द्यायचे. मग लेथवर पुन्हा थोडी काढायची, पुन्हा टांगायची. दर कातणीनंतर लाकडाला हवं तसं हलू द्यायचं, वाकायचं असेल तर वाकू द्यायचं. जी पट्टी वाकली ती बाजूला. जी सगळ्या विश्रांतींनंतरही सरळ उरली, तीच पुढे जाते. यात काही महिने जातात, काही कारागिरांकडे वर्षं. आपल्याकडच्या कातारी लोकांनाही ही गोष्ट माहीत होती. ओलं लाकूड कातलं की ते पुढे तडकतं.

हे परभणीकरानं जास्तच नीट समजून घ्यायला हवं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकडात जेमतेम चार-पाच टक्के ओलावा उरतो. मृग बरसला, श्रावण लागला की तेच लाकूड हवेतून पाणी ओढतं आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास जातं. आणि पौषात पारा पार खाली, एक आकडी. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही. बदलतं ते आडवं, रेषांना छेद देऊन. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावत असतील तर दोन्ही बाजू सारख्या आकसतात आणि काठी सरळ राहते. रेषा तिरक्या पळत असतील तर एक बाजू जास्त ओढते, आणि पाऊसकाळ संपेपर्यंत क्यूत बाक येतो. समुद्रकाठच्या दमट शहरात किंवा थंड देशात तयार झालेला क्यू इथं आला की त्याला तीन ऋतूंची परीक्षा द्यावी लागते. पत्र्याखाली तापलेल्या खोलीत, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवला तर ती परीक्षा एका दुपारीच होते.

खेड्यातला सुतार हे सगळं न बोलता जाणत असे. तिफण करायला सांगितली की तो आधी बैलजोडी बघायचा, मग शेतकऱ्याची उंची. रुमण्यावर हात कुठं पडेल ते मनात धरायचा. बाभळीचं लाकूड घ्यायचं तर ते केव्हाचं तोडलेलं, कुठं पडून होतं, हे विचारायचा. दांडी हातात घेऊन एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर सोडायचा. मापून, सांगून करवून घेतलेली वस्तू म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिफण त्याच्या अंगाला लागू व्हायची, आणि तिचं लाकूड चार कोसांतलं असायचं. आज तुम्ही जो क्यू मागवताय तो तुमच्या हाताच्या मापानं होईल, तोल तुमच्या मर्जीचा, मुठीवरचा दोरा तुमच्या आवडीचा. लाकूड मात्र कुठून येईल?

तिथं आता जाऊ या. श्वास पुन्हा सावकाश.

काळ्या लाकडाचं आपल्याला जवळचं नातं आहे. नांदेडकडे किनवटच्या जंगलात तेंदू आहे, ज्याला आपण टेंभुर्णी म्हणतो. उन्हाळ्यात त्याची पानं खुडतात, त्यांच्या बिड्या वळतात. हा तेंदू आबनुसाचा सगोत्र. जुन्या झाडाचा गाभा काळा निघतो. परभणी जिल्ह्यात मात्र जंगल फारच थोडं. जिंतूरच्या बाजूचे डोंगर सोडले तर नजर पोचेल तिथवर काळी जमीन, कापूस, सोयाबीन, ज्वारी. झाडांची टंचाई म्हणजे काय हे कळायला आपल्याला कुठं लांब जावं लागत नाही.

आता एक लांबचं जंगल डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश. दाट, ओलं, सावलीचं रान. गिटारपासून क्यूपर्यंत, जगात ज्याला काळं आबनूस म्हणून मोठी मागणी आहे ते लाकूड इथलं. २०११ साली गिटार बनवणारे अमेरिकेचे बॉब टेलर एका स्पॅनिश कंपनीच्या भागीदारीत तिथली आबनुसाची गिरणी विकत घ्यायला गेले. तेव्हा त्यांना लाकूडतोड्यांकडून एक गोष्ट कळली. आबनूस बाहेरून पाहून आतून पूर्ण काळं आहे की नाही हे ओळखता येत नाही. तोडल्यावरच कळतं. बाजाराला फक्त निव्वळ काळं हवं. म्हणून एक काळं झाड सापडेपर्यंत दहा तोडली जात, आणि ज्या नऊंच्या गाभ्यात तपकिरी, पिवळसर रेषा निघत, ती तिथंच रानात पडून राहत, कारण त्यांना भाव नव्हता. ती लाकडं तेवढीच घट्ट, तेवढीच टिकाऊ, तेवढीच जड होती.

इथं थांबा. ती नऊ झाडं एकेक करून मनात आणा. घाईनं नको. पहिलं. त्याची सावली, त्याला लागलेली अनेक दशकं. दुसरं. तिसरं. सगळी होईपर्यंत थांबा. मग जे दहावं, काळं, ते तुमच्या मुठीत येतं.

टेलर यांनी ठरवलं की पट्टे असलेलं लाकूडही पूर्ण भावानं घ्यायचं आणि आपल्या गिटारींना लावायचं. गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती होती. पण वाद्याचा आवाज बदलला नाही, आणि लोकांनी ती घेतली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. दुर्मीळपणाचा काही भाग रानात असतो. काही भाग आपण आपल्या नजरेनं तयार करतो. एकच रंग हवा असा हट्ट धरला की जे विपुल आहे तेही विरळ होतं.

आणि त्या रानात आणखी एक गोष्ट चालते. आबनुसाची फळं रानहत्ती खातात. बिया त्यांच्या पोटातून लांबवर जातात आणि लिदेबरोबर पडतात. लिदेत असलेली बी उंदीर-घुशींच्या तोंडातून वाचते आणि रुजते. ज्या भागात शिकारीमुळे हत्ती उरले नाहीत तिथं आबनुसाची कोवळी रोपं खूपच कमी आढळतात, असं कॅमेरूनमधल्या एका अलीकडच्या अभ्यासात दिसलं. फोटोतल्या त्या क्यूवर काळ्यात पांढरं जडवलेलं होतं. रानात ते काळं आणि ते पांढरं एकमेकांवर जगतात.

पांढऱ्याबद्दल, म्हणजे हस्तिदंताबद्दल, लांबण लावत नाही, पण ते टाळूनही चालणार नाही. या खेळानं हत्तींना पुष्कळ त्रास दिला आहे. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत, आणि तेही हवामान बदललं की गोलाई सोडत. हस्तिदंत महागलं म्हणून न्यू यॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीनं १८६३ साली पर्यायी पदार्थासाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, आणि त्याच शोधात जॉन वेस्ली हायट यांच्या हाती सेल्युलॉइड आलं. प्लॅस्टिकच्या युगाची एक सुरुवात बिलियर्डच्या टेबलावर झाली. आज चांगले चेंडू फिनॉलिक रेझिनचे असतात आणि हस्तिदंतापेक्षा ते सरस आहेत. क्यूमध्ये मात्र फेरूल, जॉइंट आणि नक्षीसाठी हस्तिदंताची हौस बराच काळ टिकली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या झाल्या, आणि देशी असो की आफ्रिकी, हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. तेव्हा जुना, नामवंत कारागिराचा, हस्तिदंताची नक्षी असलेला क्यू कुणी दाखवला तर तो विषय तिथंच संपतो. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघालेल्या मॅमथचा दात म्हणूनही एक माल विकला जातो. घडवलेल्या बारीक तुकड्यात तो आणि हत्तीचा दात वेगळे ओळखणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. माझ्या मते तोही नको.

श्वासाकडे परत या. पाय अवघडले असतील तर मोकळे करा.

हा खेळ आपल्याकडे आला तो साहेबांच्या आणि राजांच्या घरून. स्नूकर तर आपल्याच देशात, जबलपूरच्या छावणीत, १८७५ साली जन्मलं. नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्यानं ते सुरू केलं. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात बिलियर्डची खोली आजही आहे, बरोज अँड वॉट्स या इंग्लिश कंपनीचं टेबल मांडलेली. त्या काळी आपल्या काळ्या रानांचा शेतसारा हैदराबादेस जाई. टेबलाच्या मऊ कापडापाशी आपल्यापैकी कुणी पोचलं नसेल. मग पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डचं जागतिक विजेतेपद मिळवलं. कोणत्याही खेळातले भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते ते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवलं. त्यानंतर मुंबईचे मायकल फरेरा आले आणि पुढे, पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी. ही नावं मनात घ्या आणि त्यांच्याबरोबर काय आठवतं ते पाहा. टेबलाशी वाकलेली पाठ आठवेल, तासन्‌तास एकाच फटक्याचा सराव आठवेल. बटवरची नक्षी आठवणार नाही.

आता, शेवटी, इच्छेकडे वळू. तिला दटावू नका. सुंदर वस्तू हवीशी वाटणं यात काही वाईट नाही. आपल्या आजीच्या घरी शिसवी पाट होते, आणि त्यांवर हात फिरवावासा वाटे. ती ओढ याच जातीची. ती छातीत कुठं जाणवते, घशाशी की पोटाशी, ते शोधा. मग तिला विचारा: तुला खेळायला हवंय, की दाखवायला? दोन्ही उत्तरं चालतील, पण खरं हवं. दाखवायला हवं असेल, तर पार्लरमध्ये क्यू पिशवीतून काढतानाचा तो क्षण डोळ्यांसमोर आणा. चार माणसं वळून पाहतात. त्यानंतरचा पाऊण तास आणा. त्या वेळात ती चार माणसं आपापल्या खेळाकडे वळलेली असतात आणि तुमच्या हातात तेच जुनं कोपर असतं. खेळायला हवं असेल, तर उत्तर बहुतेक वेळा शाफ्टमध्ये असतं: सरळ रेषांचं, नीट वाळलेलं मेपल किंवा ॲश. आणि तेही गृहीत धरू नका. २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ एक हिरवा भुंगेरा सापडला. आशियातून आलेल्या त्या किड्यानं तेव्हापासून ॲशची कोट्यवधी झाडं मारली आहेत. साधं म्हणून ज्याकडे आपण पाहत नाही, ते लाकूडही संपू शकतं.

शिसवाच्या कुळाचा तर सगळा कायदाच बदलला आहे. २ जानेवारी २०१७ पासून ते अख्खं कुळ, आपलं शिसव आणि शिसम धरून, साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखाली आलं. २०१९ साली छोट्या तयार वस्तूंना सवलत मिळाली. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ पासून सर्वांत कडक बंदी आहे, आणि मादागास्करचं आबनूस व शिसव २०१३ पासून त्याच कराराच्या यादीत आहे, कारण तिथली रानं अक्षरशः लुटली गेली. ही माहिती कोरडी वाटेल. पण प्रत्येक सालामागे तोडून झालेलं एक रान आहे.

मी स्वतः सांगायचं तर, मला पट्टे असलेलं आबनूस जास्त सुंदर वाटतं. निव्वळ काळ्यात नजर बुडते. पट्ट्यांत झाड दिसतं. नक्षी कमी असावी. फेरूल रेझिनचं असावं. मुठीला दोरा असेल तर उत्तम, इथल्या उन्हाळ्यात हात घामेजतो तेव्हा तो कामाला येतो.

डोळे उघडा. फोन सुलटा करायला हरकत नाही. पण पैसे पाठवण्याआधी कारागिराला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी मागा: लाकूड कोणतं आणि कुठल्या देशातलं, तोडून आणि कातून किती काळ झाला, शाफ्टच्या रेषा टोकापर्यंत सरळ आहेत का, आणि लाकूड यादीतलं असेल तर त्याचे कागद आहेत का. क्यू हातात आला की तो टेबलावर लोटून बघा, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर सोडा. आणि पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही, तर ऑर्डर देऊ नका.